अळणी स्कोन

१ ऑगस्ट १९८८, जळगाव
"मना भाऊनं मीठ आते तुना हातमा शे."

अक्कांचं हे वाक्य आज दिवसभर डोक्यात. कित्येक वर्षांपूर्वी नोंदणी लग्न करून आम्ही सोनगीरला, वि.च्या घरी, गेलो होतो. ओट्यावर उभे. आत या असं कुणी म्हणालं नाही. सासरे पाठ फिरवून बसलेले. फक्त वि.ची ही मोठी बहीण बाहेर आली, माझ्याकडे न बघता एवढं बोलली आणि आत निघून गेली. त्यांच्या भावाचं मीठ आता माझ्या हातात, हा आशीर्वाद होता की आरोप, कळलं नाही. बौद्धांच्या घरातली एक मुलगी त्यांच्या विनूला घेऊन चालली होती, एवढंच त्यांना दिसत असणार.

आज डॉक्टरांनी ते मीठ माझ्या हातातून काढून घेतलं. वि.च्या दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. मीठ बंद, लोणचं-पापड बंद, पाणी मोजून. केळं बंद. वि. म्हणाला, "जळगावात राहून केळं बंद? मग बदलीच मागतो." डॉक्टर हसले. मीही हसले.

३ ऑगस्ट
शेजारच्या चौधरीकाकू केळ्यांची फणी घेऊन आल्या. त्यांची फैजपूरला बाग. "आजारी माणसाला केळं नाही तर काय देऊ, सोनं?" मी सांगितलं, काकू, त्यांना चालत नाही, हृदयावर येतं. काकूंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या सात पिढ्यांना नावं ठेवली. "केळ्यानं? आमचे सासरे नव्वदीपर्यंत केळ्यावर जगले, बाई." फणी टेबलावर ठेवूनच गेल्या.

दोन दिवसांत पिकतील. घरभर वास येईल.

७ ऑगस्ट
वि.नं आज स्कोन मागितले. इतक्या दिवसांत तोंडानं काही मागितलं ते हेच.

माझी आई धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या गोऱ्या मेट्रनबाईंनी तिला हे बट्टीएवढे, ओव्हनमध्ये भाजायचे इंग्रजी स्कोन शिकवले. त्या चीज घालायच्या. आईनं त्या जागी ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली. मैद्यात लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, आंबट दही, सोडा, मीठ. आणि मळायचं नाही. मी लहानपणी मळायला गेले की आई हातावर मारायची. "भाकरीचा हात बाजूला ठेव. नुसतं गोळा कर, आणि सोड."

कॉलेजात असताना माझ्या डब्यात असायचे. वि.नं पहिल्यांदा खाल्ले ते धुळ्यालाच, कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली. त्याच्या घरी आमच्याकडचं पाणीही चाललं नसतं. त्यानं डबा रिकामा केला आणि विचारलं, "ही बट्टी इतकी मऊ कशी?" माझं लग्न खरं तर त्या प्रश्नाशीच झालं.

आज बिनमिठाचे केले. सोडाही चालत नाही, त्यातही तेच असतं म्हणतात डॉक्टर. फुगले नाहीत. वि.नं अर्धा खाल्ला, उरलेला हातात धरून बसला. म्हणाला, "शांता, हे खोटं लागतं."

१० ऑगस्ट
पुन्हा. भाजलेलं जिरं, लसूण, मिरी भरपूर. बेकरीतून यीस्ट आणलं. मधेच लाइट गेली, ओव्हनच्या काचेतून बघत बसले, आत सगळं निवलेलं. वर कडक, मधे कच्चे. परत लावले.

वि. म्हणाला, "चांगलाय. पण हा पाव आहे."

मसाला कितीही घाला, जीभ थांबून राहते. दारात कुणी यायचं असावं तशी.

दिवाळी अंकाला द्यायची माझी गोष्ट अर्धीच आहे. संपादकांचं दुसरं कार्ड. गोष्टीतली बाई स्वयंपाक करते आहे, तिला तिथेच सोडलंय.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून शाळेतून परत. वि. या वर्षी गेला नाही. त्याच्या वर्गातली मुलं घरी येऊन सॅल्यूट मारून गेली. त्यानंही उठून मारला. पाय सुजलेले, चप्पल जात नव्हती, अनवाणी.

कालचं लिहायचं राहिलं. डॉक्टर म्हणाले, शेवटी दुसऱ्याची किडनी बसवावी लागेल, मुंबईला. सख्ख्या माणसाची असली तर बरं. माझं रक्त जुळत नाही. मूल आम्हाला नाही. त्याचे आईवडील गेलेले. राहिल्या अक्का. वि.च्या अपेंडिक्सच्या वेळी त्यांनीच रक्त दिलं होतं, त्यांचं जुळतं.

वि. एकदम म्हणाला, "अक्काला विचारायचं नाही."

"का पण?"

"आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्का शाळा सोडून घरी बसली. मला कडेवर घेऊन भाकरी थापायची. तिचं काय शिल्लक ठेवलंय मी, की अजून मागू?"

मुंबईत विकतही मिळते म्हणे. ते मी बोलले. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा बोलणार नाही.

शपथ घातली नाही त्यानं. नुसतं विचारायचं नाही म्हणाला. हे मुद्दाम लिहून ठेवते.

२७ ऑगस्ट, धुळे
राखी. हट्टानं आला. एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपला पारोळ्यापर्यंत.

अक्कांचं घर जसं होतं तसंच. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. मोरीच्या वरच्या फळीवर माझा स्टीलचा पेला, दरवर्षी तोच, कडेला चेपलेला. चहा प्यायचा, विसळायचा, परत फळीवर. स्वयंपाकघराचा उंबरा इतक्या वर्षांत मी ओलांडला नाही. कुणी अडवलं नाही, कुणी बोलावलंही नाही. त्या कधी जळगावला आल्या तर सोबत दशम्या आणि पाण्याचा तांब्या. वि. आधी भांडायचा. मग मीच म्हटलं, सोड. म्हातारपणी माणूस बदलत नाही. तेव्हा अक्का म्हाताऱ्याही नव्हत्या.

आज मात्र वेगळं झालं. राखी बांधून झाल्यावर अक्का आतून ओरडल्या, "ती तुनी इंग्रजी बट्टी कशी करस?"

मला आधी समजलंच नाही की मला विचारतायत. माझं नाव घेऊन त्या कधी बोलत नाहीत, हवेत बोलतात.

मी बाहेरून मोठ्यानं सांगितलं. मैदा, लोणी, दही. मळायचं नाही. आतून, "मळानं नही? मंग धरी कशी?" मी म्हटलं धरते, विश्वास ठेवायचा. मीठ नको अक्का, सोडा नको, डॉक्टरांनी सांगितलंय. "बरं, बरं. आयकू येस माले."

वि. भिंतीला टेकून डोळे मिटून हसत होता. खूप दिवसांनी त्याला असं बघितलं. म्हणाला, आठवडाभर राहतो इथे. अक्कांचा चेहरा उजळला. मला शाळा आहे, घटक चाचणी. उद्या निघते.

माझ्या आईचा पदार्थ अक्कांच्या घरात होणार. आई असती तर काय म्हणाली असती. कदाचित एवढंच, की मळू नका म्हणावं.

३ सप्टेंबर, धुळे
दुपारी शाळेत फोन. अक्कांचा मुलगा सुभाष. "मामी, मामाले श्वास लागला. दवाखान्यात आणलंय. लगेच निघा."

बस मिळाली ती उभ्यानं. पोचले तेव्हा ऑक्सिजन लावलेला. चेहरा सुजून डोळे दिसत नव्हते. हात दाबला तर माझ्या बोटांचे खड्डे तसेच राहिले.

इथले डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, मीठ दिलं का. अक्का पदर तोंडाला लावून, "मीठना कण नही दिधा हो. देवनी आण."

मी त्यांची बाजू घेतली. म्हटलं, अक्का मीठ देणार नाहीत.

४ सप्टेंबर
कॉटखाली डबा. कालपासून तिथेच असणार, मी आज बघितला. वर फडकं. आत स्कोन. चुलीच्या निखाऱ्यात बट्टीसारखे भाजलेले, तूप लावलेले, खाली काळे डाग.

एक मोडला. मऊ होता. सोडा नाही, ओव्हन नाही, आणि मऊ. अक्कांनी मळलं नव्हतं. सगळं आयुष्य भाकरी थापलेल्या बाईनं हात आवरला होता.

तोंडात घातला.

खारट.

अक्का दारात औषधं घेऊन. मी म्हटलं, "अक्का, यात मीठ आहे."

"मीठ नही ते. सैंधव शे."

"सैंधव म्हणजे मीठच ना अक्का!"

"मीठ कसं? श्रावण सोमवारले मी खास. उपासले चालस, देवले चालस, मंग डाक्टरले का नही?" त्या खरोखर विचारत होत्या. मला फसवत नव्हत्या. त्यांच्या घरात मीठ एका बरणीत असतं, सैंधव दुसऱ्या बरणीत, वरच्या फळीवर, सोवळ्यातलं. दोन्ही एकच असतील हे त्यांच्या मनाला शिवणारसुद्धा नाही.

हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही तुमच्या भावाला विष घातलंत."

सुभाष मागेच उभा होता. वॉर्डातल्या बायका बघायला लागल्या. अक्कांनी औषधांची पिशवी खिडकीत ठेवली, डबा उचलला आणि गेल्या.

६ सप्टेंबर
सूज उतरतेय. आज बोलला.

मी सैंधवाचं सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"पहिल्या घासालाच कळलं. मीठ कळत नाही का माणसाला? इतक्या दिवसांनी काहीतरी खरं लागलं. आणि शांता, तिनं तुझ्या आईचा पदार्थ केला होता. तिनं. चुलीपुढे बसून मला सारखी विचारत होती, असंच करते का ती, असंच का? मी कशाला नको म्हणू? रोज खाल्ले."

मला ओरडायचं होतं. ऑक्सिजनची नळी बघत बसले.

म्हणाला, "तिला सांगू नको मी ओळखलं होतं म्हणून. तिला वाटेल तिनं दिलं आणि मी मरायला तयार होऊन खाल्लं. तसं नव्हतं. भूक लागली होती."

अक्का दवाखान्यात आलेल्या नाहीत. सुभाष डबा आणतो, खिडकीत ठेवतो. माझ्याशी बोलत नाही.

१८ सप्टेंबर, जळगाव
घरी. म्हणजे अर्धे दिवस दवाखान्यात. पोटात नळी घालून पाणी सोडतात आणि काढतात, त्यानं विष बाहेर येतं. डॉक्टरसुद्धा विष हाच शब्द वापरतात. प्रत्येक वेळी मी दचकते.

अक्कांना पत्र टाकलं. वि. बरा आहे, तुम्ही या. उत्तर नाही.

२५ सप्टेंबर
सुभाष दवाखान्यात आला. मामाजवळ बसला, पाय दाबले. चांगला मुलगा आहे. डॉक्टर राउंडला आले आणि त्याच्यासमोरच म्हणाले, यांच्या बहिणीला तपासणीला कधी आणताय, दिवाळीनंतर मुंबईला न्यायलाच हवं, यावर फार काळ निघणार नाही.

वि.ला डुलकी लागली होती, त्यानं ऐकलं नाही. सुभाषनं ऐकलं. व्हरांड्यात मला म्हणाला, "वा मामी. आधी विष म्हणायचं, आणि आता किडनी? माझ्या आईला मी कापू देणार नाही."

"मी मागितली नाही, सुभाष."

"मागणार तर आहात ना?"

मागणार आहे.

२ ऑक्टोबर
वि.ला उचकी लागली आहे, थांबत नाही. तोंडात तांब्याची चव येते म्हणतो. आता मीठ असलं काय नसलं काय, सगळ्याला तांब्याचीच.

एक विद्यार्थी वही दाखवायला आला होता. सोपी बेरीज, वि.नं हातचा धरला नाही. मुलानं वही मिटली. वि.ला नंतर कळलं. भिंतीकडे तोंड केलं. गणिताचा मास्तर.

चौधरीकाकू आज काही न घेता आल्या. रिकाम्या हातानं येणं त्यांना जड गेलं असावं. बराच वेळ बसल्या. जाताना म्हणाल्या, "बाई, मी केळ्यांचं मनावर घेतलं नव्हतं हो." आणि डोळे पुसले. मीच घेतलं होतं.

११ ऑक्टोबर
दुपारी झोपेतून उठून मला म्हणाला, "अक्का, भूक लागली." मी शांता म्हटलं नाही. ताटात अळणी खिचडी घेऊन गेले आणि अक्कांसारखं, न बोलता, भरवली. दोन घास.

गोष्ट संपादकांना पाठवणार नाही असं कळवलं.

२१ ऑक्टोबर
दसरा झाला. उद्या धुळ्याला जाते. वि.ला सांगितलं भडगावला भावाकडे जाते. त्यानं विचारलं नाही का. चौधरीकाकू बसतील त्याच्याजवळ.

अक्कांसाठी स्कोन केले. का, सांगता येत नाही. त्या खाणार नाहीत, माझ्या हातचं कधी खाल्लेलं नाही. पण रिकाम्या हातानं जाववत नाही, मीही काकूंसारखीच.

मीठ घालताना हात थांबला. इतके महिने पिठात मीठ घातलेलं नाही, अंदाजच गेला. चिमूट घेतली, परत टाकली, परत घेतली. सोडा घातला. मस्त फुगले. एक खाल्ला ओव्हनपाशी उभ्यानंच. आईसारखा. मग वि. आतून म्हणाला, "कसला वास येतोय?" आणि मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

२२ ऑक्टोबर, धुळे
अक्कांच्या बाहेरच्या खोलीत बसून लिहितेय. वहीशिवाय धरायला काही नाही.

दार अक्कांनीच उघडलं. मला ओळखायला क्षण लागला. वाळल्या आहेत. "बस," एवढंच म्हणाल्या. फळीवरून पेला काढून पाणी दिलं. मी डबा पुढे केला. झाकण उघडून बघितलं, वास घेतला, झाकण लावलं आणि माझ्या खुर्चीशेजारी ठेवला. विनू कसा आहे हे विचारलं नाही. नजर माझ्या तोंडाकडे, मीच सांगेन म्हणून. मी म्हटलं, तसाच आहे. त्या पिशवी घेऊन गिरणीवर गेल्या. दळण कधीही आणता आलं असतं.

सुभाष कामाला निघाला होता. चप्पल घालताना डब्याकडे बघून म्हणाला, "काय मामी, विष परत करायला आलात?"

मी डबा उचलून मांडीवर घेतला.

पायऱ्या उतरला आणि परत वर आला. आवाज वेगळा. "आई खाणार नाही हे. तुमचं आहे म्हणून नाही. त्या दिवसापासून तिनं मीठ सोडलंय. सैंधवसुद्धा. नवरात्राचे उपास नुसत्या पाण्यावर आणि दुधावर काढले. सगळं अळणी खाते. मामा उठून खाईल तेव्हा खाईन म्हणते. चक्कर येऊन मोरीत पडली परवा. तुम्ही तरी सांगा तिला."

आणि गेला.

म्हणजे जळगावला वि. अळणी, इथे अक्का अळणी. आणि मी मधे मिठाचा डबा घेऊन बसलेय. इतके महिने बिनमिठाचे करून करून हात बसला होता, ते इथे चालले असते. तेच नेमके आणले नाहीत.

त्या गिरणीवरून येतील. मला काय म्हणायचं ते आधी लिहून घेते, समोर आल्या की धीर राहत नाही.

विष हा शब्द परत घ्यायचा. तो परत घेता येत नाही हे माहीत आहे, तरी.

वि.नं सांगू नको म्हटलं होतं ते सांगायचं. की त्यानं पहिल्या घासाला ओळखलं होतं, अक्का. तुम्ही फसवलं नाही, तोही फसला नाही. तुम्ही मऊ केले होते. माझ्या आईला जमले असते तसे.

मग मागायचं. त्या नाही म्हणतील. सुभाष नाही म्हणेल. वि.ला कळलं तर तोही नाही म्हणेल, आणि माझ्याशी बोलणार नाही. तपासणीला जळगावला यायचं म्हणजे माझ्या घरी राहणं, माझं पाणी पिणं. एवढ्या वर्षांत जे एका पेल्याचं झालं नाही ते आता मी कुठल्या तोंडानं. अशक्त झाल्या आहेत, डॉक्टर घेतील की नाही तेही माहीत नाही. मीठ खायला लागल्या तर अंगात काही येईल.

फाटक वाजलं. डोक्यावर पिठाची पिशवी, हात भिंतीला टेकवत येतायत.

अक्का, मला आत बोलवा. याच पिठाचे करते, तुमच्या चुलीवर, चिमूटभर मीठ घालून. माझ्या हातचा एक खा. आणि मग तुमची एक किडनी विनूला द्या.